जीईडीचं गणित: आधी पावकी, मग एक्स

46 ची अडीचपट किती? माझे आजोबा असं करायचे: 46 ची दुप्पट 92, 46 चे निम्मे 23, दोन्ही मिळून 115. अमेरिकेतल्या जीईडी परीक्षेच्या गणिताच्या पेपरला 115 मिनिटं असतात आणि प्रश्न साधारण 46. म्हणजे एका प्रश्नाला अडीच मिनिटं. पहिल्या खेपेला हा हिशेब मी केलाच नव्हता. सुरुवातीच्या पाच प्रश्नांत माझी पंचवीस मिनिटं गेली, शेवटचे सात प्रश्न कोरे राहिले आणि मला 141 मिळाले. पास व्हायला 145 लागतात. दुसऱ्या खेपेला 153 मिळाले. तेव्हा माझं वय त्रेचाळीस होतं.

मी कराडची. दहावीला गणितात राहिले आणि शाळा सुटली ती सुटलीच. लग्नानंतर न्यू जर्सीला आले. मुलं मोठी झाल्यावर शाळेत शिक्षिकेची मदतनीस म्हणून काम करावंसं वाटलं, तेव्हा अर्जात पहिलीच अट होती: हायस्कूल डिप्लोमा किंवा त्याच्या बरोबरीचं प्रमाणपत्र. ते प्रमाणपत्र मिळवून देणारी परीक्षा म्हणजे जीईडी. आपल्यातल्या बऱ्याच बायका, आणि काही पुरुषही, याच ओळीपाशी थांबतात. आता आठवड्यातून दोन संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही अभ्यासाला बसतो. तिथे जे उपयोगी पडतं तेच इथे लिहिते आहे.

आधी एक गोष्ट तपासा. भारतात बारावी पास झाला असाल तर गुणपत्रिकेचं इथल्या पद्धतीने मूल्यांकन करून घ्या. कदाचित या परीक्षेची गरजच पडणार नाही. शिक्षण त्याआधी सुटलं असेल, तर पुढे वाचा. राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत आणि काही ठिकाणी हायसेट नावाची दुसरी परीक्षाही चालते, त्यामुळे आपल्या राज्याचे नियम स्वतः पाहून घ्या. मी फक्त जीईडीबद्दल सांगते.

ही परीक्षा 1942 साली सुरू झाली, युद्धामुळे शिक्षण अर्धवट राहिलेल्या सैनिकांसाठी. म्हणजे पहिल्यापासून ती मोठ्या माणसांचीच आहे. चार विषय असतात: भाषा, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रं. चारही एकदम द्यावे लागत नाहीत, एकेक करून देता येतात. माझं मत विचाराल तर विज्ञान गणिताच्या आधी द्या. त्यात आलेख आणि तक्ते वाचायची सवय होते, कॅल्क्युलेटरही तोच असतो, आणि संगणकावर परीक्षा देण्याची भीती तिथेच मोडते. परीक्षा इंग्रजीत किंवा स्पॅनिशमध्ये असते. मराठीत नाही. पण मराठीचा उपयोग होतो, आणि चांगला होतो. ते पुढे सांगते.

पहिले पाच प्रश्न

गणिताच्या पेपरचे दोन भाग असतात. पहिल्या भागात पाच प्रश्न, आणि तिथे कॅल्क्युलेटर मिळत नाही. हा भाग जमा केल्यावर परत त्यात जाता येत नाही. दुसऱ्या भागात कॅल्क्युलेटर स्क्रीनवरच मिळतो. सूत्रांचा कागद एका क्लिकवर उघडतो, त्यामुळे वृत्तचितीचं घनफळ, पायथागोरस, वर्गसमीकरणाचं सूत्र यातलं काहीही पाठ करत बसू नका. त्या कागदावर कोणतं सूत्र कुठे आहे आणि कोणतं अक्षर कशासाठी आहे, हे मात्र आधीपासून डोळ्यांखालून गेलेलं असलं पाहिजे.

लोक घाबरतात ते या पाच प्रश्नांना. त्यात साधारण काय येतं ते सांगते: अपूर्णांक आणि दशांश लहानापासून मोठ्यापर्यंत लावा, लसावि किंवा मसावि काढा, संख्यारेषेवरच्या दोन बिंदूंमधलं अंतर सांगा, घातांक आणि वर्गमूळ, आणि एखादी राशी कोणत्या किमतीला ‘अनडिफाइन्ड’ (अर्थहीन) होते ते सांगा. हा शेवटचा प्रश्न दिसायला अवघड, पण एका ओळीचा असतो. छेद शून्य कधी होतो एवढंच बघायचं. 7 भागिले (x − 3) असेल तर उत्तर 3.

क्रम लावायचा एक प्रश्न सावकाश करून बघू. संख्या आहेत 3/8, 0.4, −1/2 आणि −0.6.

माझ्या आजोबांचं किराणा दुकान होतं. संध्याकाळी दिवा लागला की आम्हा नातवंडांचा परवचा व्हायचा. नुसते पाढे नाहीत, तर पावकी (म्हणजे पावाचा पाढा), निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, थेट औटकीपर्यंत. औट म्हणजे साडेतीन. शाळेत मला अपूर्णांक आले नाहीत, पण पावकी येत होती. आणि पावकी म्हणजेच अपूर्णांक, हे मला चाळिशी उलटल्यावर या परीक्षेच्या अभ्यासात कळलं. ते आधी कुणी जोडून दाखवलं असतं तर माझी दहावी कदाचित सुटली नसती, असं मला मनापासून वाटतं.

तर 3/8. पाव म्हणजे 0.25. पावाचं निम्मं म्हणजे आठवा भाग, 0.125. असे तीन घेतले की 0.375. 0.4 म्हणजे 0.400, तेव्हा 3/8 लहान. ऋण संख्यांना उधारीची वही डोळ्यांपुढे आणा. साठ पैसे देणं असलेला माणूस पन्नास पैसे देणं असलेल्यापेक्षा अधिक खाली आहे. म्हणून −0.6 आधी, मग −1/2, मग 3/8, मग 0.4. उत्तर चौकटीत ओढून ठेवायचं असतं. माऊसने ओढायची सवय नसेल तर तीही घरी करून घ्या. माझा पहिल्या खेपेचा बराच वेळ त्यातच गेला.

अभ्यासाचे पहिले सहा आठवडे फक्त अपूर्णांक, दशांश, शेकडेवारी आणि ऋण संख्या यांना द्या. बीजगणिताचं पुस्तक उघडायची घाई करू नका. पेपरात बीजगणिताचा वाटा निम्म्याहून थोडा जास्त आहे, म्हणून सगळे तिकडे धावतात. पण बीजगणितात माणूस अडखळतो तो एक्समुळे क्वचितच. एक्सच्या शेजारी 3/4 किंवा −5 बसलेला असतो, घोडं तिथे अडतं.

शेकडेवारीसाठी दुकानाच्या पावत्या ठेवून द्या. न्यू जर्सीत विक्रीकर 6.625 टक्के आहे. आकडा विचित्र असल्याने सरावाला उत्तम. सूट आणि त्यावर सूट हा या पेपरचा आवडता सापळा आहे. 80 डॉलरच्या कोटावर 25 टक्के सूट मिळाली की 60. त्यावर आणखी 10 टक्के सूट म्हणजे 60 वर, 80 वर नाही. म्हणून 54. सरळ 35 टक्के धरले तर 52 येतात, आणि पर्यायांत 52 हमखास दिलेला असतो.

इंग्रजी वाक्य, मराठी डोकं

आमच्याकडे येणाऱ्या एक वहिनी मूळच्या मिरजेच्या. तोंडी हिशेबात माझ्याहून तरबेज. पण शाब्दिक उदाहरण आलं की पेन खाली. एकदा प्रश्न होता, ‘फाइव्ह लेस दॅन अ नंबर’. त्यांनी लिहिलं 5 − x.

“ताई, आधी फाइव्हच आलाय ना?”

मी म्हटलं, “मराठीत सांगा बघू.”

“एका संख्येपेक्षा पाचने कमी.”

“मग आधी काय?”

“संख्या.” आणि त्यांनी स्वतःच खोडून x − 5 केलं.

तेव्हापासून आमच्या टेबलावर नियम आहे: वाक्य वाचायचं, पेन खाली ठेवायचं, मराठीत मोठ्याने सांगायचं, मग लिहायचं. मराठी वाक्याचा क्रम बऱ्याचदा गणिताच्या क्रमाशी जुळतो. ‘थ्री टाइम्स द सम ऑफ एक्स अँड फोर’ ऐकलं की नवखा माणूस 3x + 4 लिहितो. मराठीत ते होतं ‘x आणि 4 यांच्या बेरजेची तिप्पट’. बेरीज आधी आली, तिला आपोआप कंस पडला: 3(x + 4).

काही शब्दांची एक वही करा. डाव्या बाजूला इंग्रजी शब्द, उजव्या बाजूला मराठी आणि चिन्ह. सम म्हणजे बेरीज, डिफरन्स म्हणजे वजाबाकी, प्रॉडक्ट म्हणजे गुणाकार, कोशंट म्हणजे भागाकार. ‘पर’ म्हणजे दर, तिथे बहुतेक वेळा गुणायचं किंवा भागायचं असतं. ‘ऑफ’ म्हणजे चा-ची-चे: ‘थ्री फोर्थ्स ऑफ सिक्स्टी’ म्हणजे साठचा पाऊण भाग, 45. ‘ॲट लीस्ट’ म्हणजे किमान, तिथे मोठे-किंवा-समान. ‘नो मोअर दॅन’ म्हणजे जास्तीत जास्त, तिथे लहान-किंवा-समान. ‘मीडियन’ म्हणजे मध्यक, आणि तो काढण्याआधी संख्या चढत्या क्रमाने लावायच्या असतात. माझ्या वहीत असे साठेक शब्द झाले. त्यापलीकडे फारसं काही आलं नाही.

मोठ्या संख्यांचा स्वल्पविरामही सांभाळा. आपले दीड लाख 1,50,000 असे लिहितात, इथे 150,000. दहा लाख म्हणजे एक मिलियन.

मोजमापं आणि दिवाणखाना

आपण मीटर-किलोवर वाढलो. इथे 12 इंचांचा फूट, 3 फुटांचा यार्ड, 16 औंसांचा पाउंड, 4 क्वार्टचा गॅलन. नुसतं पाठ करून हे बसत नाही, हाताळावं लागतं. आम्ही मोजपट्टी घेऊन माझा दिवाणखाना मोजला: 12 फूट बाय 15 फूट. क्षेत्रफळ 180 चौरस फूट. आता गालिचा चौरस यार्डाने विकतात, तर किती लागेल? वहिनींनी 180 ला 3 ने भागून 60 सांगितलं. मग आम्ही जमिनीवर खडूने एक यार्ड बाय एक यार्डचा चौकोन आखला आणि त्यात फुटाचे चौकोन पाडले. नऊ आले. म्हणून 180 भागिले 9, म्हणजे 20. खडू पुसून टाकला, पण ते नऊ चौकोन कुणी विसरलं नाही. भूमितीचा बाकीचा भाग सूत्रांच्या कागदावर बघून सुटतो. आकृतीत दिलेली लांबी त्रिज्या आहे की व्यास, एवढं दोनदा वाचा.

कॅल्क्युलेटर

मॉडेल ठरलेलं आहे: टीआय-30एक्सएस मल्टीव्ह्यू. अभ्यासाच्या पहिल्या महिन्यातच तो विकत घ्या आणि घरचा किराण्याचा हिशेबसुद्धा त्यावरच करा. परीक्षा केंद्रावर जाऊन पेपर देणार असाल तर हेच मॉडेल बरोबर नेता येतं. मी नेलं होतं. स्क्रीनवरच्या कळा माऊसने दाबण्यापेक्षा बोटं भराभर चालतात.

यात एक जागा फार फसवी आहे. वजाबाकीची कळ उजवीकडच्या उभ्या रांगेत असते. ऋण संख्येची कळ वेगळी, अगदी खालच्या रांगेत एंटरच्या शेजारी, कंसात उणे चिन्ह असलेली. गणिताची सुरुवात −3 ने करायची असताना वजाबाकीची कळ दाबलीत, तर यंत्र मागचं उत्तर पुढे ओढतं. मागचं उत्तर 20 असेल तर ते 20 − 3 करून 17 दाखवतं. चूक झाल्याची सूचनाही येत नाही. माझ्या पहिल्या पेपरात हे किती वेळा झालं असेल, देव जाणे.

दुसरी गोष्ट म्हणजे −3 चा वर्ग. ऋणाची कळ, 3, वर्गाची कळ असं दाबलं तर −9 येतं, कारण यंत्र आधी 3 चा वर्ग करतं. कंसात (−3) लिहून वर्ग केला की 9. ऋण संख्येला नेहमी कंस घालायची सवयच लावून घ्या.

उत्तर कधीकधी अपूर्णांकात किंवा वर्गमुळाच्या चिन्हासकट दिसतं. 8 चं वर्गमूळ मागितलं तर 2 आणि पुढे 2 चं वर्गमूळ येतं. दोन बाण काढलेली एक कळ आहे, ती दाबली की दशांश मिळतो.

बीजगणितात मी काय जपते

रेषेचा चढ, म्हणजे स्लोप, हा विषय सोडून चालणार नाही. तो वेगवेगळ्या वेशात येतो: कधी आलेख, कधी दोन बिंदू, कधी तक्ता, कधी गोष्ट. गोष्टीवरून समजून घेतलेला सगळ्यात पक्का राहतो. टॅक्सीत बसल्याबसल्या 3 डॉलर, मग दर मैलाला अडीच डॉलर. आठ मैलांचे किती? अडीचकी म्हणा: अडीच, पाच, साडेसात, दहा… आठव्या पायरीवर वीस. अधिक 3, झाले 23. हेच y = 2.5x + 3. दर मैलाला जे वाढतं तो चढ, बसताना जे द्यावं लागलं ती रेषा उभ्या अक्षाला छेदते ती जागा. अशी पाच-सहा उदाहरणं स्वतः रचा: फोनचं बिल, नळाखाली भरणारी बादली, बँकेतून दरमहा काढले जाणारे पैसे. त्या शेवटच्या उदाहरणात चढ ऋण येतो.

असमानतेत ऋण संख्येने भागलं की चिन्ह उलटतं. −2x ≤ 10 असेल तर x ≥ −5. विसरायला होतं, म्हणून शून्य घालून तपासा: 0 ≤ 10 खरं, 0 ≥ −5 हेही खरं. पाच सेकंद लागतात.

वर्गसमीकरण आलं आणि पर्याय दिलेले असले, तर सोडवत बसू नका. पर्याय घालून बघा. x² − x − 12 = 0 मध्ये 4 घातले तर 16 − 4 − 12, शून्य. झालं. मला आधी हे फसवल्यासारखं वाटायचं. तसं काही नाही, उत्तर पडताळून पाहणं हेही गणितच आहे.

वेळ, सराव आणि तो दिवस

मला दुसऱ्या तयारीला चार महिने लागले, रोज पहाटे साडेपाच ते साडेसहा. रविवारी सगळं घर झोपलेलं असताना दोन तास. आठवड्यातून एकदा सात तास बसण्यापेक्षा रोजचा एक तास कितीतरी जास्त देतो. सार्वजनिक ग्रंथालयं, कम्युनिटी कॉलेजं आणि प्रौढ शिक्षणाच्या शाळांत बऱ्याच ठिकाणी मोफत वर्ग असतात, चौकशी करा. घरी बसून शिकायचं तर खान अकादमी ही वेबसाइट फुकट आहे. तिथे जीईडी शोधत बसण्यापेक्षा इयत्ता सहावी-सातवीच्या गणितापासून सुरू करा.

चुकलेल्या उदाहरणांची वेगळी वही ठेवा. बरोबर उत्तर त्यात लिहू नका, चूक का झाली ते एका ओळीत लिहा: ‘उणे विसरले’, ‘व्यास होता’, ‘ॲट लीस्ट उलटं वाचलं’. महिन्याभरात दिसतं की चुका शंभर प्रकारच्या नसतात, चार-पाचच असतात आणि त्याच फिरून येतात.

परीक्षेआधी साधारण दोन आठवडे ‘जीईडी रेडी’ ही अधिकृत सराव परीक्षा द्या. मुख्य पेपरच्या निम्म्या लांबीची असते. हिरवा निकाल आला तर पास होण्याची शक्यता चांगली, पिवळा आला तर जवळ आहात, लाल आला तर तारीख पुढे ढकला. पिवळ्यावर मुख्य परीक्षेला जाऊ नका, असं मी सगळ्यांना सांगते. मी गेले होते.

केंद्रावर कच्च्या कामाला कागद मिळत नाही, पुसता येणारी पाटी आणि मार्कर मिळतो. मार्करची रेघ जाड असते, आकडे मोठे येतात, पाटी चटकन भरते आणि पुसताना हवी ती पायरीही पुसली जाते. म्हणून शेवटचे तीन आठवडे घरीही तशाच पाटीवर सराव करा. पाटीचे उभ्या रेघेने दोन भाग करा: डावीकडे चालू प्रश्न, उजवीकडे परत बघायच्या प्रश्नांचे क्रमांक.

पेपर सुरू झाला की पहिल्या पाच प्रश्नांना पंधरा मिनिटांवर एक मिनिट देऊ नका. दुसऱ्या भागात जो प्रश्न दोनदा वाचूनही कळला नाही, त्यावर झेंड्याची खूण करून पुढे चला. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा आणि एकही जागा कोरी सोडू नका. माझे ते सात कोरे प्रश्न आठवतात तेव्हा अजून हळहळ वाटते. त्यातले दोन जरी अंदाजाने लागले असते तरी 145 च्या किती जवळ गेले असते.

निकाल साधारणपणे त्याच दिवशी जीईडीच्या वेबसाइटवरच्या आपल्या खात्यावर दिसतो. कमी पडलात तर गुणांच्या खाली कोणत्या भागात काम करायला हवं याची यादी येते. ती छापून घ्या. माझ्या 141 च्या यादीत वरच लिहिलं होतं की परिमेय संख्यांचा, म्हणजे अपूर्णांक-दशांशांचा, क्रम लावण्याचा सराव करा. मी कराडला आईला फोन केला आणि पावकी कुठवर म्हणायचो ते विचारलं. तिने फोनवरच म्हणायला सुरुवात केली, आणि मी इकडे पाटीवर लिहीत गेले: 0.25, 0.50, 0.75.